जेर्वेझवरचं गाणं

मोनेतला हातावर हात ठेवून बसलेलं आमच्या कातर-फिलाओ वाडीत कुणी पाहिलेलं नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. तिकडे पाद्रीबाबांचं प्रवचन चाललेलं असतं आणि इकडे हिची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर वाजत असतात. पुढच्या बाकावर बसते एल्विना, गेली चाळीस वर्षं हिच्या डफाला लोखंडी त्रिकोणाची साथ करणारी. ती मान न वळवता म्हणते, "मोनेत, देव बहिरा नाहीये." मग बोटं थांबतात आणि बुटाची टाच सुरू होते.

वय त्रेसष्ट. अंगानं काटक, चालणं असं की मागून कुणी कुत्रं सोडलंय. नवरा मार्सेलिन जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा जोझ्वे शेजारच्याच घरात बायकामुलांसह राहतो आणि मासेमारीच्या बोटीवर जातो. मोनेतचं पोट खाडीवर चालतं. ओहोटी लागली की टोपी घालायची, लोखंडी सळई घ्यायची, गुडघाभर पाण्यात प्रवाळाच्या बिळाबिळांतून ऑक्टोपस हुडकायचे, आणि उरलेला वेळ टेकडीवरचा मका आणि एक डुक्कर. हे सगळं आमच्याकडच्या कुठल्याही बाईचं असतं. मोनेतची ओळख डफाची.

आमच्या रॉड्रिग्ज बेटावर सेगाचा, म्हणजे आमच्या नाचगाण्याचा, डफ बायकांच्या हातात असतो. पुरुषांना वाजवायला बंदी नाही, पण कातडं तापवायला झावळ्या आणा म्हणून त्यांना इतक्यांदा पिटाळलं जातं की हळूहळू ते नाचणंच पसंत करतात. आणि गाणी कुठून येतात? आठवडाभरात जे घडेल ते शनिवारी डफावर चढतं. कुणाचं डुक्कर कुणाच्या मक्यात शिरलं, कोण कुणाच्या परसातून भल्या पहाटे खाली उतरलं, कुणी नवी चादर वाळत घालून तिसऱ्या दिवशीही काढली नाही. दोन ओळी, फार तर चार. एक बाई म्हणते, बाकीचे उचलून धरतात, आणि जोड्या पाय न उचलता, धूळ ढकलत नाचत राहतात. या कामात मोनेतचा हात धरणारं कुणी नव्हतं. आया मुलांना दटावायच्या, "नीट वाग, मोनेत बघतेय."

तिची शंभरेक गाणी असतील. त्यातलं एक समुद्रापार गेलं. तेच तिच्या मानगुटीवर बसलं.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा वारा सुटला होता, चार दिवस कुणी खाडीत उतरलं नव्हतं. मोनेतच्या अंगणात बांबूवर नऊ ऑक्टोपस वाळत होते. चौथ्या दिवशी सकाळी बांबू रिकामा. आणि त्याच दुपारी वरच्या अंगाच्या घरातून, जेर्वेझच्या चुलीवरून, ऑक्टोपसच्या रश्श्याचा वास आला.

जेर्वेझ विधवा होती. तीन वर्षांची मुलगी, चार कोंबड्या, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. सेगाला यायची, पण कडेला उभी राहायची, ताटं-पेले धुवायची. मोनेतनं तिला काही विचारलं नाही, की तिच्या घरी जाऊन हंडीचं झाकण उघडून पाहिलं नाही. शनिवारी खालच्या वाडीत लग्न होतं. दुपारची जेवणं झाली, डफ तापले, आणि मोनेतनं तोंड उघडलं:

पाऊल नाही भिजलं, टोपलं नाही भिजलं,
सांग बाई जेर्वेझ, काय गं शिजलं?

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. चालच अशी होती की पाय आपोआप ओढले जावेत. जेर्वेझच्या हातात ताटांची चळत होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या भावानं आणून दिले होते. ग्राव्हिएहून. विचारा त्याला." पण डफ वाजत असताना साधं बोलणं कोण ऐकतं? ज्यांनी ऐकलं ते हसले. आमच्याकडे ज्याच्यावर गाणं होतं त्यानं मध्ये शिरून दोन ओळींनी उलटं सुनवायचं, मग फिट्टंफाट. जेर्वेझला गाता येत नव्हतं. ती ताटं तिथंच टाकून घरी गेली, आणि घरी गेली म्हणजे कबूल झाली, असं सगळ्यांनी धरलं.

तिसऱ्या आठवड्यात गाणं बेटावरच्या मोठ्या गावात, पोर मातुरेंच्या बाजारात पोचलं होतं. त्याच आठवड्यात मार्सेलिन जाळं विणता विणता आपल्याशीच हसला आणि म्हणाला, "गाणं झकास जमलंय गं तुझं. पण ते ऑक्टोपस मीच नेले होते. दुकानात देऊन दोन बाटल्या आणल्या, आणि रेडिओचे सेल."

मोनेत मका निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "कुणाजवळ बोलू नकोस."

तेव्हा जेर्वेझ अजून वरच्या घरातच होती. ती मुलीला घेऊन मॉरिशसच्या जहाजात बसली ती नोव्हेंबरात. मधले दोन महिने मोनेतच्या हातात होते. त्या दोन महिन्यांत मोनेत हे गाणं सात लग्नांत, दोन बारशांत आणि एकदा चक्क पाद्रीबाबांच्या वाढदिवसाला गायली.

*

या जुलैत जेर्वेझ परत आली. तिचं जुनं घर भाच्यानं पत्रे बदलून उभं केलं होतं. दोन पेट्या आणि भात शिजवायचं विजेचं भांडं घेऊन ती उतरली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणाली, "मी तेरेज. वरच्या घरात राहायला आलेय. पाव किती वाजता येतो?"

एल्विना तिथंच होती. तिच्या पोटात काही राहत नाही. "तेरेज कसली? अगं, ही तर आपली जेर्वेझ."

गल्ल्यावर दुकानदाराची नात, विशीची पोर. तिचे डोळे विस्फारले. "म्हणजे गाण्यातली जेर्वेझ? खरंच असते ती?"

संध्याकाळपर्यंत शाळेतली पोरं वरच्या रस्त्यानं घरी जायला लागली. तो रस्ता लांबचा, पण त्यांना हिला बघायचं होतं. फाटकापाशी आली की एकानं सुरू करायचं, पाऊल नाही भिजलं, आणि बाकीच्यांनी पळत सुटायचं. वाईट पोरं नव्हती ती. त्यांना ते गाणं त्यांच्या आयांनी अंघोळ घालताना शिकवलेलं.

मोनेतला हे सगळं एल्विनानं चहा पिता पिता सांगितलं. मोनेतचा चहा तसाच राहिला. ती उठली, डुकराला घातलेलं खाणं पुन्हा घातलं, अंगण झाडलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. रात्री डोळ्याला डोळा नाही. दिवसा बादली घेऊन वरच्या रस्त्यानं जायचं आणि तशीच खाली यायचं. खरं तर तिच्या घरात नळ आहे.

दहाव्या दिवशी तिनं पपईच्या सारणाच्या गोड टिक्क्या भाजल्या, चार एका थाळीत झाकून घेतल्या आणि वरच्या घरी गेली.

"ये," जेर्वेझ म्हणाली. केस सगळे पांढरे झाले होते, पाठ ताठच होती. "पहिल्या आठवड्यातच येशील वाटलं होतं."

"कामं होती गं."

"दिसत होती. रोज तीनदा माझ्या दारावरून रिकामी बादली नेत होतीस."

मोनेतनं थाळी टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "त्या गाण्याचं…"

"बस आधी. तू उभी असलीस की मला वाटतं भूकंप येतोय." जेर्वेझनं तिच्यापुढं खुर्ची सरकवली. "गाण्याचं मी सांगते तुला. तिकडे आपल्या लोकांची वस्ती आहे, रविवारी जमायची मंडळी. पहिल्याच रविवारी कुणीतरी तेच काढलं. मी तोंड मिटून उभी राहिले. मग पोर शाळेत जायला लागली. एक दिवस गात गात आली आणि विचारते, आई, जेर्वेझ म्हणजे तूच का? मी म्हटलं, नाही गं राणी, ती दुसरी कुणी. माझं नाव तेरेज. आणि मग तेच लावलं. हॉटेलात चादरी धुतल्या अठ्ठावीस वर्षं, तेरेज म्हणून. पोरगी लग्न होऊन रेयुनियोंला गेली. तिच्या नवऱ्याला विचार, सासूचं नाव काय. तेरेज सांगेल. बरं, त्या बेटावरही तुझं गाणं आहेच. चाल जरा लंगडी केलीय त्यांनी, पण मी आहे त्यात."

मोनेतला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण चाल लंगडी केलीय हे ऐकून क्षणभर रागही आला. स्वभावाला औषध नसतं.

"मला ठाऊक आहे तू नेले नव्हतेस ते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

आता इथं खरं बोलायची वेळ होती. मोनेतची जीभ वळली ती भलतीकडे. "मार्सेलिन गेला तेव्हा… शेवटी शेवटी बोलला."

जेर्वेझनं थाळी आपल्याकडे ओढली. "म्हणजे त्यानं नेले."

"हं."

"मग सांग लोकांना. मला काही मानपान नको मोनेत. मी मरायला आलेय इथं, आज नाही, पण इथंच. माझ्या क्रुसावर माझं नाव पाहिजे. आणि ते वाचून कुणी हसता कामा नये. एवढंच."

"सांगते ना. असं गाणं रचते की…"

"गाणं नको," जेर्वेझ म्हणाली.

पण मोनेतच्या बोटांनी टेबलाच्या कडेवर ठेका धरला होता. तिचं अर्धं लक्ष तिकडे गेलं होतं. जेर्वेझ काय म्हणाली ते तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही.

*

आता दुसरी एक भानगड होती, ती सांगायला हवी. डिसेंबरात क्रेओल सणाला सेशेल्सहून, रेयुनियोंहून, मॉरिशसहून मंडळी येणार होती. प्रत्येक बेटाचा नाच वेगळा, नाव वेगळं, बूड एकच, असं संस्कृती कचेरीतल्या मादाम रोझलीन सांगत. त्या मोनेतच्या अंगणात दोनदा येऊन गेल्या होत्या. कुठलं तरी एक गाणं चारही बेटांवर गातात असा शोध त्यांना लागला होता, आणि ते नेमकं हेच निघालं. सेशेल्समध्ये जेर्वेझच्या जागी दुसरं नाव, पण हंडी तीच. सगळ्यांनी मिळून ते गायचं, त्याचं चित्रण व्हायचं आणि खाली अक्षरं उमटायची: रचना मोनेत, कातर-फिलाओ. मोनेतनं वरवर नाक मुरडलं होतं. आतून ती त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

त्यामुळे नवं गाणं रचताना तिच्या जिवाची नुसती ओढाताण. जुनं मारायचं होतं आणि जुनं मरायला नको होतं. खाडी तेव्हा बंद होती; ऑक्टोपसांना वाढू द्यायचं म्हणून दोन महिने कुणी सळई लावायची नाही असा सरकारी नियम आहे. रिकामपण होतं आणि रिकामपण मोनेतला मानवत नाही. मक्यात चालता चालता पुटपुटायची, चुलीपाशी, पायखान्यात सुद्धा. तिसऱ्या दिवशी जोझ्वे कुंपणावरून म्हणाला, "आई, काय चाललंय? बायको म्हणते तू बाबांचं नाव घेऊन काहीतरी गुणगुणतेस."

मोनेतनं त्याला सांगितलं. सगळं नाही, जेवढं जेर्वेझला सांगितलं तेवढंच.

जोझ्वेनं कुंपणावरचा हात काढला. मग म्हणाला, "मेलेल्या माणसाला डफावर चढवणार तू? त्या बाईला एकतीस वर्षं पोरं चिडवतायत. आता माझ्या पोरांना चिडवतील. पुढची एकतीस."

"मग काय करू?"

"तिनं नेले नाहीत, एवढंच म्हण. कुणी नेले ते कशाला?"

मोनेतला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

सप्टेंबरात एल्विनाच्या नातवाचं बारसं झालं. अंगणात झावळ्यांचा मांडव, राजमा-भात, डुकराचं मटण, लिंबाचं तिखट लोणचं. जेर्वेझही आली होती. भाच्याच्या बायकोनं आग्रह करून आणली, कोपऱ्यात बसवली. मोनेतनं डफ शेकला, अंगठ्यानं कातडं तपासलं, आणि छाती भरून घेतली:

जेर्वेझनं नाही नेलं, नाही नेलं गं,
मग कुणी नेलं बाई, कुणी नेलं गं?

चाल चांगली होती. मोनेतची वाईट चाल नसतेच. मंडळींनी लगेच उचलली. "कुणी नेलं गं" आलं की नाचणारे एकमेकांकडे बोटं दाखवायला लागले. एकानं एल्विनाकडे दाखवलं, एल्विनानं पाद्रीबाबांकडे, पाद्रीबाबांनी हसून हात वर केले. आणि मग मागून कुणीतरी, अर्धी बाटली पोटात असलेला कुणीतरी, ओळीमागच्या मोकळ्या जागेत ओरडला, "जेर्वेझनं!" ठेक्यात अगदी चपखल बसलं ते. पुढच्या फेरीला दहा जण ओरडले. त्याच्या पुढच्या फेरीला अख्खं अंगण.

मोनेतनं आवाज चढवला. तिनं जितका चढवला तितका मांडवानं चढवला. डफ थांबवावा असं तिच्या मनात आलं, पण रंगलेला सेगा मध्येच थांबवणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. ती वाजवत राहिली. जेर्वेझ उठली, खुर्ची जागेवर लावली आणि निघून गेली.

दोन दिवसांत पोरांना दुसरं गाणं पाठ झालं. आता ती फाटकापाशी दोन्ही म्हणायला लागली.

*

शनिवारी भाच्याची बायको दुकानात सांगत होती, आत्यानं परतीचं तिकीट काढलं. ऑक्टोबरचं, शुक्रवारचं जहाज. पत्र्यांवर घातलेला खर्च पाण्यात गेला म्हणून तिचा नवरा डोकं धरून बसलाय. म्हातारी म्हणते, तिकडे निदान तेरेज म्हणून मरेन, कुणी हसणार तरी नाही.

मोनेत पाव तिथंच विसरली आणि वर धावली. दार बंद होतं. तिनं हाका मारल्या, कडी वाजवली, मागच्या दाराला जाऊन आली. शेवटी खिडकी वीतभर उघडली.

"जेर्वेझ, माझी चूक झाली. लोकांनी उलटंच केलं गं. मी ठीक करते. एक ओळ बदलली की…"

"मोनेत," जेर्वेझ आतून म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, आणि त्यानं मोनेतला जास्त भीती वाटली. "तुला नुसतं बोलता येतं का गं? डफ खाली ठेवून? चारचौघांसारखं?"

"येतं की."

"मी तर कधी ऐकलं नाही. तुझ्या मनातलं बरं असो, वाईट असो, ते चालीवरच बाहेर पडतं. आणि चालीवर पडलं की त्यात मी राहत नाही. हंडी राहते." खिडकी मिटली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मोनेत नुसती फिरत होती. मंगळवारी बस धरून पोर मातुरेंला मादाम रोझलीनच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, "मी ते गाणं परत घेते. डिसेंबरात नको."

मादाम रोझलीन भली बाई. त्यांनी पाणी दिलं. "मोनेतमावशी, परत कसं घेणार? काल मला सेशेल्सहून फोन आला, त्यांनी सरावही सुरू केलाय. तुम्ही नाही गायलात तरी ते गातील. गाणं आता तुमचं राहिलेलं नाही, सगळ्या बेटांचं झालंय."

"त्यात एक जिवंत बाई आहे."

"गाण्यातल्या बाया सगळ्या कधीतरी जिवंत होत्या," मादाम रोझलीन म्हणाल्या, आणि स्वतःच ओशाळल्या.

परतीच्या बसमध्ये मोनेतला बसायला जागा होती. ती घाटभर उभी राहून आली. जोझ्वेचा विचार तिच्या डोक्यातून जाईना, नातवंडांचा जाईना. आणि या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणालाच सांगितलेली नव्हती: मार्सेलिन मरताना काही बोलला नव्हता. तो तिसऱ्या आठवड्यात बोलला होता. मार्सेलिननं ऑक्टोपस नेले, पण जेर्वेझला जहाजात बसवलं ते मोनेतनं.

*

ऑक्टोबरात खाडी उघडते तो दिवस आमच्याकडे सणापेक्षा मोठा. दोन महिने बिळांत सुखानं वाढलेले ऑक्टोपस, आणि किनाऱ्यावर अख्खी वाडी. त्या सकाळी चाळीसेक बाया टोप्या घालून, सळया हातात, पाण्याच्या कडेला ओळीनं उभ्या होत्या. मत्स्य खात्याचा माणूस शिट्टी घेऊन खडकावर. पुरुष बोटींपाशी, त्यात जोझ्वेही. थट्टामस्करी चालली होती. कुणी म्हणत होतं, एल्विनानं रात्रीच येऊन बिळांवर नाव लिहून ठेवलंय.

जेर्वेझ आली होती. भाच्याच्या बायकोबरोबर, तिचीच जादा सळई हातात घेऊन. जहाज दोन दिवसांवर होतं. जायच्या आधी एकदा पाण्यात उतरते, असं म्हणाली म्हणे.

मोनेत ओळीतून बाहेर आली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे समुद्र.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली.

"शिट्टी व्हायची आहे गं, मग गा," कुणीतरी म्हणालं. दोघीतिघींनी टाळीचा ठेका धरलाच. "चाल कुठली मोनेत? जुनी का नवी?"

"चाल नाही." तिचा आवाज चिरका येत होता. गाताना हा आवाज टेकडीवरून टेकडीवर जातो. "टाळ्या थांबवा. माझ्या अंगणातले ऑक्टोपस मार्सेलिननं नेले होते. माझ्या नवऱ्यानं. दुकानात देऊन दारू आणली."

टाळ्या विरल्या. जोझ्वेनं मान वळवून बोटीचा दोर उगाचच तपासायला घेतला.

"आणि मरताना नाही सांगितलं त्यानं मला. मी खोटं बोलले जेर्वेझशी. गाणं केलं त्याच्या तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. जेर्वेझ तेव्हा इथंच होती. मी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गात राहिले. लोक गाणं मागत होते आणि मला ते आवडत होतं." श्वास घ्यायला ती थांबली. पुढचं वाक्य कसं बोलायचं ते तिला कळेना, ते कशावरच बसत नव्हतं. "संपलं. एवढंच आहे."

वारा नव्हता. खडकावरच्या माणसानं तोंडातली शिट्टी काढून हातात धरली.

मग एल्विना म्हणाली, "मोनेत, आम्हाला ठाऊक होतं ते."

"काय?"

"मार्सेलिनचं. दुकानदारानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. सगळ्या वाडीला ठाऊक होतं." एल्विनानं आजूबाजूला पाहिलं. पन्नाशीच्या पुढच्या बायांनी माना खाली घातल्या होत्या. "आम्हाला वाटलं, तुला एकटीलाच माहीत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मग गात का होतात?"

"तू का गात होतीस? चाल चांगली होती गं."

मोनेतला त्या वाळूत बसावंसं वाटलं. एकतीस वर्षं जे एकटीनं उरावर बाळगलं, रात्र रात्र ज्यानं झोप येऊ दिली नाही, ते चोरून ठेवलेलं नव्हतंच. प्रत्येक घरात त्यातला वाटा होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटली ती चीड, स्वतःची आणि सगळ्यांची, आणि त्याच्यामागून अशी लाज की कान तापले.

जेर्वेझ हळूहळू पुढं आली. तिनं ओळीतला एकेक चेहरा पाहिला. कुणाच्या लग्नात तिनं ताटं धुतली होती, कुणाच्या बाळंतपणात कोंबडी धाडली होती, ते तिला नक्कीच आठवत असणार. ती काही मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"शुक्रवारच्या जहाजाचं एक तिकीट आहे माझ्याकडे. ज्याला तोंड दाखवायची लाज वाटत असेल त्यानं न्यावं. मी जाणार नाही."

तिनं झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि पाण्यात उतरली. शिट्टी झाली नव्हती. खात्याच्या माणसानं तिला अडवलं नाही. ती गुडघाभर पाण्याच्या पट्ट्यापलीकडे, प्रवाळाच्या पहिल्या रांगेपाशी पोचली, तेव्हा त्यानं शिट्टी वाजवली. एरवी शिट्टीबरोबर पाणी उसळतं, बाया एकमेकींना ढकलतात, गाणं सुरू होतं. त्या दिवशी बाया एकेक करून उतरल्या आणि कुणी तोंड उघडलं नाही.

मोनेत सगळ्यात शेवटी उतरली. जोझ्वेकडे तिनं पाहिलं. तो पाठमोराच होता. त्याच्याशी बोलायचं बाकी होतं, आणि ते सोपं जाणार नव्हतं. पाण्यात तिचे पाय नेहमीपेक्षा जड चालत होते. ती कुठल्याच बिळाकडे बघत नव्हती. चालत चालत ती सरळ पहिल्या रांगेकडे निघाली, आणि काय बोलायचं ते ठरवायच्या आतच पोचली.

जेर्वेझ वाकून एका भोकात सळई घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"इथं नको उभी राहूस," ती म्हणाली. "तू फार पाणी हलवतेस. आत शिरतात ते. लांब जा."

"बरं, जेर्वेझ," मोनेत म्हणाली, आणि लांब गेली.